समोरच्या दुकानाला काय म्हणावे?

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेतून फिरताना एक पाटी हमखास दिसते : 'आमची कोठेही शाखा नाही.' परगावच्या गिऱ्हाइकाला माहिती व्हावी म्हणून ही पाटी लावली असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पेठेतील जुन्या माणसाला मात्र तिचा अर्थ वेगळा कळतो. पाचपन्नास पावलांवर त्याच आडनावाचे, बहुधा त्याच मालाचे दुसरे दुकान असते आणि त्याच्या गादीवर सख्खा किंवा चुलत भाऊ बसलेला असतो. वाटणी झालेली असते, तराजू वेगळे झालेले असतात. वडिलांचे नाव मात्र दोघांनाही सोडवत नाही. ज्याचा पाटीवर उल्लेख नाही, त्याच्यासाठीच ती पाटी रंगवलेली असते.

या समोरच्या दुकानदाराला काय म्हणावे? प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा आहे. घरातील मुलगा दहाबारा वर्षांचा झाला आणि सुटीत दुकानात बसू लागला, की हे शब्द तो वडिलांच्या आणि काकांच्या तोंडून ऐकतो. कोणी नुसते 'समोरचा' म्हणतो. गुजरातीभाषक घरात 'हरीफ' म्हणतात. एखादा रागाच्या भरात थेट 'दुश्मन' म्हणून मोकळा होतो. वर्तमानपत्रात त्याला 'प्रतिस्पर्धी' म्हणतात आणि व्यापारी संघाच्या वार्षिक सभेत त्याच गृहस्थाचा 'व्यवसायबंधू' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. माणूस एक आणि नावे पाच. मुलगा पुढे कसा धंदा करील, हे यांपैकी कोणता शब्द त्याच्या कानावर अधिक वेळा पडला यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणूनच या शब्दांची कुळकथा थोडी तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

एका पाटाचे पाणी

इंग्रजीतील 'रायव्हल' हा शब्द आता मराठी बोलण्यातही सर्रास येतो. त्याचे मूळ लॅटिन 'रीवुस' म्हणजे ओढा किंवा पाट या शब्दात आहे. एकाच पाटातून आपापल्या शेताला पाणी घेणारे ते 'रीवालेस'. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचा जो मोठा संग्रह तयार करवला, त्यात हा शब्द याच अर्थाने येतो. एकाच पाटाचे पाणी घेणाऱ्यांमध्ये तंटा झाल्यास काय करावे, याचा तेथे विचार आहे. म्हणजे मूळ शब्दात वैर नाही. शेजार आहे, सामाईक गरज आहे आणि गरज सामाईक असल्यामुळे उद्भवणारा तंटा आहे.

ज्यांनी धुळे-नाशिककडील फड पद्धत पाहिली आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पांझरा नदीच्या खोऱ्यात बंधाऱ्यातून निघालेल्या पाटावर गावाची जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यावयाचे, असा तेथील रिवाज होता. पाणी कमी पडले तर भांडण होणार हे सर्वांना ठाऊक होते. परंतु बंधारा फुटला, तर दुरुस्तीला त्याच सर्वांना जावे लागे. बाजारपेठेचेही असेच आहे. गिऱ्हाईक हे पेठेचे पाणी होय. पेठेत वीस कापड दुकाने आहेत म्हणूनच लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी दहा गावांची माणसे तेथे येतात. एकटेच दुकान असते, तर ती दुसऱ्या गावाला गेली असती.

'हरीफ' या शब्दाची कथाही जवळपास अशीच आहे. अरबीत 'हिर्फा' म्हणजे कसब किंवा धंदा. त्यावरून 'हरीफ' म्हणजे त्याच कसबातला, बरोबरीने काम करणारा. फारसीत जाताना त्याला सोबती आणि प्रतिपक्षी असे दोन्ही अर्थ चिकटले. गुजरातीत आणि हिंदी-उर्दूत येईपर्यंत सोबती मागे पडला आणि सामना करणारा तेवढा उरला. घरोघरी बोलल्या जाणाऱ्या या शब्दाच्या पोटात एक जुना सहकारी बसलेला आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

इंग्रजी 'कॉम्पिटिटर' हा शब्द लॅटिन 'कोम्पेतेरे'पासून आला. त्याची फोड 'बरोबरीने शोधणे किंवा मागणे' अशी होते. लायक, सक्षम या अर्थाचा 'कॉम्पिटंट' हा शब्दही त्याच धातूचा. बरोबरीने उभे राहता येणे ही लायकीचीच एक खूण मानली गेली, असा त्याचा आशय लावता येतो.

घरातूनच निघालेले शब्द

परकीय भाषांनी प्रतिस्पर्ध्यासाठीचा शब्द पाटावर आणि कारखान्यात शोधला. संस्कृताने तो घरातच शोधला, आणि हे व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष देण्याजोगे आहे. 'सपत्न' हा वैदिक वाङ्मयातील प्रतिस्पर्ध्यासाठीचा नेहमीचा शब्द. तो 'सपत्नी' म्हणजे सवत या शब्दावरून मागाहून घडवला गेला. एकाच घरात, एकाच माणसाच्या मर्जीसाठी दोघींमध्ये जी ओढाताण चालते, तिच्यावरून बाहेरच्या शत्रूलाही नाव मिळाले. मराठीतील 'सवत' ही त्या सपत्नीचीच लेक. 'सापत्न वागणूक' हा शब्दप्रयोग तर आज जिल्ह्याला निधी कमी मिळाला, तरी वापरला जातो.

याहून बोलका शब्द 'भ्रातृव्य' हा आहे. त्याचा पहिला अर्थ भावाचा मुलगा, म्हणजे पुतण्या. दुसरा अर्थ शत्रू. दोन्ही अर्थ इतके रूढ होते, की पाणिनीने आपल्या व्याकरणात त्यांच्यासाठी लागोपाठ दोन सूत्रे दिली आणि प्रत्ययाच्या बारीक भेदाने ते वेगळे केले. वडिलोपार्जित मिळकतीत ज्याचा वाटा निघतो तोच पहिला प्रतिस्पर्धी, हा अनुभव पाणिनीच्या आधीच भाषेत मुरलेला होता. मराठीने तोच अनुभव 'भाऊबंदकी' या शब्दात साठवला. 'भाऊबंद' म्हणजे आपली माणसे. त्याला 'की' लागली, की कोर्टाची पायरी आली. पेशवाईतील कलहावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटक लिहिले, तेव्हा त्याला हाच शब्द शीर्षक म्हणून पुरेसा वाटला.

जैन परंपरेत या विषयावरील सर्वांत मोठी कथा भरत आणि बाहुबली यांची होय. दोघे ऋषभदेवांचे पुत्र. चक्रवर्तिपदासाठी भरताला बाहुबलीचे वर्चस्वमान्य होणे आवश्यक वाटले आणि सैन्ये समोरासमोर उभी राहिली. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात यापुढचा प्रसंग येतो. मंत्र्यांनी विचार केला, की भांडण दोन भावांचे आहे, त्यात सैनिकांचा संहार कशासाठी? म्हणून दोघांनीच तीन प्रकारे सामना करावा असे ठरले : दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. पराभूत भरताने ठरलेला नियम मोडून चक्र सोडले. ते भावाला न लागता परतले. आणि जिंकलेले बाहुबली राज्य तेथेच टाकून तपाला निघून गेले.

या कथेतील वैराग्याचा भाग सर्वांना पाठ असतो. मंत्र्यांनी घातलेल्या मर्यादेकडे मात्र कमी लक्ष जाते. स्पर्धा टळत नसेल, तर ती कोणामध्ये, कोणत्या नियमांनी आणि कोणाला झळ न लागता व्हावी, हे आधी ठरवले गेले. वाटणीच्या वेळी नोकरचाकर, अडते आणि गिऱ्हाइके यांना ओढून दोन तट पाडणाऱ्या घरांना या मंत्र्यांची आठवण व्हावयास हरकत नाही. श्रवणबेळगोळ येथे चावुंडरायाने उभारवलेली बाहुबलींची सत्तावन्न फुटी मूर्ती या कथेची साक्ष देत उभी आहे. तिच्या पायाशी, ही मूर्ती चावुंडराजाने करवली असे सांगणारी मराठीतील जी ओळ कोरलेली आहे, तिची गणना मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांत होते.

'प्रति' म्हणजे विरुद्ध, आणि 'प्रति' म्हणजे सारखा

मराठीने 'स्पर्धक' आणि 'प्रतिस्पर्धी' असे दोन शब्द बाळगले आहेत आणि त्यांत एक उपयुक्त भेद ठेवला आहे. स्पर्धक म्हणजे स्पर्धेत उतरलेला कोणीही. निबंध स्पर्धेत दोनशे स्पर्धक असतात. प्रतिस्पर्धी हा कोणाचा तरी असतो. तो नेमका, ओळखीचा, नजरेसमोरचा असतो. बाजारात स्पर्धक पुष्कळ असले, तरी झोप उडवणारा प्रतिस्पर्धी एकदोनच असतो.

या शब्दाच्या आरंभीचा 'प्रति' हा उपसर्ग मोठा चमत्कारिक आहे. प्रतिकार, प्रतिवादी, प्रतिपक्ष येथे त्याचा अर्थ विरोध. प्रतिमा, प्रतिबिंब, प्रतिध्वनी येथे त्याचा अर्थ सारखेपणा. प्रतिस्पर्धी या शब्दात दोन्ही छटा एकत्र नांदतात. जो आपल्याविरुद्ध आहे, तो पुष्कळ अंशी आपल्यासारखाच आहे. त्याचेही भांडवल अडकलेले आहे, त्याचीही उधारी थकलेली आहे, त्यालाही महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे आहे.

जैन पुराणकारांनी या 'प्रति'ला जो मान दिला, तसा क्वचितच कोणी दिला असेल. जैन परंपरेत त्रेसष्ट शलाकापुरुष मानले जातात : २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव. प्रतिवासुदेव म्हणजे वासुदेवाचा प्रतिस्पर्धी. रावण हा आठवा आणि जरासंध हा नववा. नवव्या शतकातील शीलांकाचार्यांच्या प्राकृत ग्रंथाच्या नावातच चोपन्न महापुरुषांचा उल्लेख आहे. त्या गणनेत प्रतिवासुदेव स्वतंत्रपणे धरलेले नाहीत. पुढे हेमचंद्राचार्यांच्या विख्यात ग्रंथाच्या नावात त्रेसष्ट ही संख्या आली. वाढलेले नऊ ते प्रतिस्पर्धी होत. नायकाशी लढणाऱ्यालाही थोर पुरुषांच्या यादीत स्थान मिळाले.

या कथांचे अंतरंगही विचार करण्याजोगे आहे. विमलसूरींच्या 'पउमचरिय' या जैन महाराष्ट्री प्राकृतातील रामकथेत रावण हा राक्षस नाही. तो विद्याधरांचा पराक्रमी, जिनभक्त राजा आहे. त्याचा घात एका आसक्तीने झाला. प्रतिवासुदेवाचा शेवटही ठरावीक असतो : त्याने वासुदेवावर सोडलेले चक्र वासुदेवाला इजा करीत नाही, उलट त्याच्याच हाती येते आणि सोडणाऱ्याचा वध करते. आणि जिंकणारा वासुदेवही हिंसेमुळे नरकगतीला जातो, असे पुराणे सांगतात. तर रावणाचा जीव पुढे तीर्थंकर होणार आहे, असेही सांगतात. जिंकला तो पुण्यवान आणि हरला तो पापी, असा सरळ हिशेब येथे मांडलेला नाही. समोरच्याला मोडण्यासाठी उधारीवर, तोट्यात माल विकणाऱ्या दुकानाची अखेर ज्यांनी बँकेच्या वसुली खात्यात पाहिली आहे, त्यांना परत फिरणाऱ्या चक्राची गोष्ट फारशी अद्भुत वाटणार नाही.

याच उपसर्गाचा एक शब्द श्रावकाच्या व्रतांत येतो. अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरण्याबरोबरच 'प्रतिरूपकव्यवहार' आहे, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली माल खपवणे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ हाही याच ठिकाणी रेघ ओढतो. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याच्या आड तो येत नाही. मात्र आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू देत नाही. एका आडनावाच्या दोन दुकानांतील अनेक खटले याच रेघेवर लढले जातात.

आखाड्यातील जोड

मराठी मातीने प्रतिस्पर्ध्याला दिलेला सर्वांत सुंदर शब्द आखाड्यात सापडतो. कुस्तीच्या मैदानात वस्ताद आणि पंच कुस्ती 'जोडतात'. दोन मल्ल वजनाने, वयाने आणि तयारीने बरोबरीचे असले, की 'जोड चांगली लागली' असे म्हणतात. एक मल्ल दुसऱ्याची 'जोड' असतो. नवराबायकोला जोडा म्हणणारी, बैलांना जोडी म्हणणारी भाषा एकमेकांना चीतपट करू पाहणाऱ्या दोघांनाही त्याच शब्दाने बांधते. कमकुवत जोड लावली, तर प्रेक्षक हुर्यो करतात. कारण त्यात जिंकणाऱ्यालाही शोभा नाही. 'तोडीस तोड' या शब्दप्रयोगातील भावही हाच आहे.

'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त'पासून आला. शर्त म्हणजे अट. धावण्याच्या चुरशीला आपण जो शब्द वापरतो, त्याच्या मुळाशी अट आहे, ठरलेला नियम आहे. 'मुकाबला' म्हणजे दोन गोष्टी समोरासमोर ठेवणे, ताडून पाहणे. बीजगणितावरील प्रख्यात अरबी ग्रंथाच्या नावात हा शब्द आहे, तो समीकरणाच्या दोन बाजूंचा मेळ घालण्याच्या अर्थाने. या सर्व शब्दांच्या तुलनेत 'चढाओढ' अधिक खरा वाटतो : एक चढतो आणि दुसरा ओढतो. धंद्यात स्वतः चढण्याची मेहनत कमी आणि दुसऱ्याला खाली ओढण्याची अधिक होऊ लागली, की या शब्दाचा उत्तरार्धच तेवढा शिल्लक राहतो.

तीन वेळा पुकारा

स्पर्धेचे सर्वांत उघड रूप म्हणजे बोली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर, शेत विकण्याची रीत सांगितली आहे. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग धनको यांचा हक्क, त्यानंतर इतरांचा. शेजाऱ्यांसमक्ष किंमत तीन वेळा पुकारावी आणि कोणी हरकत घेतली नाही, तर घेणाऱ्याने घ्यावे. आजचे 'एक वार, दोन वार, तीन वार' किती जुने आहे, याची यावरून कल्पना येते. आणि जर स्पर्धेमुळे किंमत वाढली, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जमा करावी, असा नियम आहे. तेथे शब्दही 'स्पर्धा' हाच आहे. दुसरीकडे, व्यापाऱ्यांनी संगनमत करून माल अडवला किंवा अवाजवी भावाने विकला, तर त्यांना हजार पणांचा दंड सांगितला आहे. चुरशीने फुगलेली किंमत आणि संगनमताने फुगलेली किंमत या दोन्हींकडे कौटिल्य सारख्याच संशयाने पाहतो.

आपला 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला. परंतु उघड लिलावाची शिस्त धान्य-कापसाच्या बाजारात सहजासहजी आली नाही. पूर्वी अनेक बाजारांत हातावर रुमाल टाकून, बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. घेणारा आणि अडत्या यांनाच भाव कळे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. कारंजा हे जैन भट्टारकपीठांचे आणि हस्तलिखित ग्रंथभांडारांचेही गाव. देशातील नियंत्रित बाजारांचा इतिहास या गावापासून सांगितला जातो. रुमाल दूर झाला आणि स्पर्धा सर्वांच्या कानांना ऐकू येऊ लागली, हा या बदलाचा गाभा होता.

बोलीचे आणखी एक रूप या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. पर्युषणात चौदा स्वप्नांचे चढावे बोलले जातात. श्वेतांबर संघांत कित्येक ठिकाणी अजूनही 'मण घी' या जुन्या परिमाणात बोली होते. दिवसभर एकाच पेठेत एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे दोघे तेथेही समोरासमोर येतात आणि आकडा चढत जातो. मात्र तिसरा पुकारा झाला, की हरलेला जिंकलेल्याची 'अनुमोदना' करतो. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे यांना एकाच मालिकेत मांडणाऱ्या तत्त्वज्ञानात हरणाऱ्याचाही वाटा जमेला राहतो. चढाव्यातही अहंकार शिरतो, हे खरे आहे आणि त्याबद्दल साधुसंतांनी वेळोवेळी कान टोचलेले आहेत. तरीही हरल्यानंतर काय बोलावे, याचा शब्द ठरवून देणारी स्पर्धा विरळाच.

प्रतिस्पर्धी एकत्र येतात तेव्हा

व्यवसायबंधू या गोड शब्दाला एक धोक्याची बाजू आहे आणि तिची जाणीव आज प्रत्येक व्यापारी संघाला असणे आवश्यक आहे. 'कार्टेल' हा शब्द इटालियन 'कार्तेल्लो'वरून आला. त्याचा एक जुना अर्थ द्वंद्वाचे लेखी आव्हान असा होता. पुढे युद्धमान पक्षांतील कैद्यांच्या अदलाबदलीच्या कराराला हे नाव मिळाले. आणि शेवटी भाव ठरवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गुप्त कराराला. आव्हानापासून संगनमतापर्यंतचा हा प्रवास होय.

भारतात १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याची जागा स्पर्धा अधिनियम, २००२ ने घेतली आणि संगनमताविरुद्धची त्यातील कलमे २० मे २००९ पासून अमलात आली. एकाच धंद्यातील माणसांनी भाव ठरवणे, पुरवठा आवळणे, गावे किंवा गिऱ्हाइके वाटून घेणे, निविदेत कोणी किती भरावयाचे हे आधी ठरवणे, या चार गोष्टींत स्पर्धेला बाधा आली असेच कायदा गृहीत धरतो. करार लेखी असण्याची गरज नाही. संघाच्या सभेत झालेले 'आपसांत ठरले' एवढेही पुरते, आणि मोबाइलवरील गटात पाठवलेला 'उद्यापासून हा भाव' हा संदेश पुरावा ठरू शकतो. दंड सहभागाच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांत जे अधिक असेल तेथपर्यंत जाऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने, त्या धंद्यात नसूनही असा करार जुळवून आणण्यात भाग घेणाऱ्यालाही जाळ्यात घेतले आहे. नवा घाऊक वितरक नेमण्याआधी संघटनेचे ना-हरकत पत्र आणावे, असा आग्रह धरणाऱ्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध स्पर्धा आयोगाने आदेश दिलेले आहेत. पूर्वापार रिवाज म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, त्यावर कायद्याने बोट ठेवले.

मग प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊच नये काय? तसे नाही. कराविषयी सरकारकडे निवेदन द्यावे, पेठेतील रस्ते, पाणी आणि सुरक्षितता यांसाठी झटावे, नोकरांना प्रशिक्षण द्यावे, खोट्या वजनमापांना आळा घालावा. या कशालाही मनाई नाही. बँकांचे उदाहरण बोलके आहे. अठराव्या शतकात लंडनमधील बँकांचे कारकून धनादेश घेऊन एकमेकांच्या दारी पायपीट करीत. पुढे त्यांनी लोंबार्ड स्ट्रीट परिसरात एका जागी जमून धनादेशांची अदलाबदल सुरू केली आणि समाशोधन गृह जन्माला आले. ठेवींसाठी आणि कर्जदारांसाठी बँका भांडतच राहिल्या. हिशेब मात्र एका मेजावर मिटू लागला. आपल्याकडे २००८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मागे आरंभी १० बँका उभ्या राहिल्या, आणि २०१६ पासून आलेल्या यूपीआयमुळे एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या खात्यात क्षणात पैसे भरू लागला. पाट सर्वांचा, शेत ज्याचे त्याचे.

उलट उदाहरण जर्मन भाषेत मिळते. तेथे स्पर्धेला 'कोन्कुरेन्झ' म्हणतात, म्हणजे बरोबर धावणे. आणि दिवाळखोरीला 'कोन्कुर्स' म्हणत आले आहेत, म्हणजे सर्व धनकोंनी एकदम धावून येणे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. धावण्याच्या नादात ताळेबंद विसरलेल्या पेढीच्या दारात शेवटी कोण धावत येते, हे त्या भाषेने नोंदवून ठेवले आहे.

संवत्सरीचा दिवस

'जैन' हा शब्द 'जिन'पासून आला आणि 'जिन' म्हणजे जिंकलेला. 'अरिहंत' या शब्दाचा एक प्रचलित अर्थ शत्रूंचा नाश करणारा असा आहे. मात्र येथे जिंकावयाचे शत्रू क्रोध, मान, माया आणि लोभ हे आहेत; समोरच्या दुकानाचा त्यांत समावेश नाही. नावातच विजय घेऊन आलेल्या समाजाने बाहेरच्या माणसासाठी जिंकण्याची भाषा किती वापरावी, याचा विचार प्रत्येक घराने आपापल्या परीने करावयाचा आहे.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण झाले, की 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणण्यासाठी माणसे निघतात. दिगंबर घरांत क्षमावाणीला हेच घडते. नातेवाइकांकडे जाणे होते, साधुसाध्वींकडे जाणे होते, मोबाइलवर शेकडो संदेश जातात. जुन्या पेठांतून मात्र एक रीत कोठे कोठे अजून टिकून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर, बोहनी होण्याआधी, घरातील वडीलधारा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातो. वर्षभरात बोललेल्या, न बोललेल्या शब्दांबद्दल हात जोडतो आणि पाच मिनिटे गादीवर टेकतो. चहा येतो. भावाविषयी एक शब्दही निघत नाही. मग तो परत येऊन आपल्या गल्ल्यावर बसतो आणि दोन्ही दुकानांत गिऱ्हाइकांना हाका मारणे पूर्ववत सुरू होते. सुटीत दुकानात बसलेला मुलगा काउंटरमागून हे सारे पाहत असतो. त्या समोरच्या माणसाला काय म्हणावयाचे, हे त्याला त्या दिवशी कोणी वेगळे सांगावे लागत नाही.